हाताएवढी कोरी जागा

भट्टी उघडण्याआधी वहिनी बाह्या दुमडायची. आधी स्वतःच्या, मग अंगणात जो कोणी उभा असेल त्याच्या. पाहुणा असो, गिऱ्हाईक असो, विजेचं बिल द्यायला आलेला माणूस असो. विचारायची नाही. हात धरायची आणि बाही कोपराच्या वर सारायची.

माणूस नवा असला की आधी त्याचे हात बघायची, मग तोंड.

चहाच्या कपावर बशी झाकून कामाला लागायची, आणि चहा गार झाला की बशीला शिव्या द्यायची.

ओल्या मातीच्या ढिगावर तिने कधी पाय दिला नाही. लांबचा वळसा घालून जायची.

गार झालेलं प्रत्येक भांडं उजेडाकडे न्यायची. दोन्ही हातांत धरून एक पुरता फेरा फिरवायची, काहीतरी हरवलेलं शोधावं तशी. मग फळीवर ठेवायची. ते कितीही देखणं उतरलेलं असो, पुन्हा त्याच्याकडे बघायची नाही.

आणि सगळ्यात वरच्या फळीचं डावं टोक रिकामं ठेवायची. कोणी तिथे काही ठेवलंच, तर थोड्या वेळाने ते जमिनीवर दिसायचं.

हे सगळं तिच्या नणंदेच्या डोळ्यांसमोरचं. एक घर, एक अंगण, दोघी. गल्लीत एकीला सगळे वहिनी म्हणत आणि दुसरीला वन्सं. पोरंही म्हणत, म्हातारेही म्हणत. "अख्ख्या गल्लीला पुरून उरलो आपण," असं वहिनी म्हणायची.

त्या गल्लीत आता घरोघरी खळीची भांडी होतात. भट्टीतून लालबुंद भांडं चिमट्याने बाहेर काढायचं आणि आंबलेल्या पिठाच्या पातळ खळीत बुडवायचं. चर्र आवाज होतो. वाफ, धूर, करपल्या पिठाचा वास. लगेच साध्या पाण्यात. वर येतं तेव्हा त्याच्या अंगभर डाग असतात. तपकिरी, काळे, सायीच्या रंगाचे. कुठे ढग, कुठे झाडाची साल, कुठे पक्ष्याच्या पोटावरची पिसं. दोन भांडी कधी सारखी निघत नाहीत.

ही रीत कोणी काढली याच्या गोष्टीही भांड्यांसारख्याच, दोन कधी सारख्या नाहीत. कोपऱ्यावरचा म्हणतो, माझ्या आजोबांना स्वप्न पडलं. समोरचा म्हणतो, स्वप्न पडलं असेल त्यांना, पण भांडं आमच्या आजीने केलं. एकाने तर मांजराने पिठाचं पातेलं भांड्यावर उलथलं, अशी गोष्ट छापून दुकानात लावली. गिऱ्हाइकं मांजर बघायला मागू लागली. तेव्हा त्याने मांजर पाळलं.

वहिनी सगळ्यांचं ऐकून घ्यायची. "हो का? नवीनच ऐकतेय," म्हणायची.

खरी गोष्ट दोघींनाच ठाऊक होती. आणि त्या ती एकमेकींशीही बोलत नसत.

तेव्हा घरात तिघं होती. दादा, म्हणजे नणंदेचा थोरला भाऊ, चाकावर बसायचा. वहिनी माती मळायची आणि भट्टी रचायची. नणंदेचं लग्न जमलं नव्हतं, आणि पुढे ते जमवायला कोणी गेलंही नाही. ती माल बांधायची. खोक्यात पेंढा घालायचा, भांडी रचायची, झाकणावर कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या. त्यासाठी पिठाची खळ करायची. उरलेली खळ बादलीत आंबून जायची, आणि वहिनी तिला त्यावरून बोलायची.

"वन्सं, या वासाने एक दिवस भांडीच उठून पळतील."

त्या दिवशी दादाला घाई होती. व्यापारी यायचा होता. या व्यापाऱ्याला प्रत्येक गोष्ट उद्याच हवी असे, म्हणून त्याचं नावच उद्या पडलं होतं. भट्टी पुरती निवायची दादाने वाट पाहिली नाही. तोंड उघडलं, एक मोठं भांडं लाल असतानाच काढलं आणि ओट्यावर ठेवलं. चिमटा खाली टाकला, तर बाहीने पेट घेतलेला.

त्याने तो हात अंगापासून लांब धरला. बोटं पसरून. नेमका भांड्यासमोर.

वहिनीच्या हाताला लागली ती बादली तिने उचलली आणि फेकली.

बाही विझली. खळ दादाच्या मिशांतून आणि कोपरातून ठिबकू लागली. मागे भांड्यावर चर्र आवाज झाला आणि धूर उठला. मग दादा म्हणाला, "पीठ लावून झालं. आता तळायला कधी घेणार?"

नणंद हसून हसून खाली बसली. वहिनी आधी रडली, मग हसली, मग चांगली बाही जाळली म्हणून तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

भांडं निवल्यावर तिघांनी पाहिलं. सगळीकडे तपकिरी-काळा सडा, आणि मधोमध पाच बोटं. हात जिथे आडवा आला तिथे खळ पोचलीच नव्हती. तेवढी जागा कोरी राहिली होती, मातीच्या रंगाची. रुंद पंजा आणि बाहेरच्या अंगाला वाकलेली करंगळी. ती करंगळी त्यांच्या बापाची. दादाला आली तशी नणंदेलाही आली होती.

दादाने आपला हात त्या जागेवर टेकवला. बोट न बोट बसलं.

"आता मी नाही बसलो चाकावर तरी चालेल," तो म्हणाला. "हात कामावर हजर आहे."

वहिनीने ते भांडं सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं. डाव्या टोकाला. येता-जाता ती त्याच्याकडे बघून हसायची.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मातीच्या खड्ड्याचा काठ खचला. गल्लीची सगळी माती त्याच खड्ड्यातून यायची. दादा आत होता.

माणसं धावली. नणंदही धावली. ती काठावर पोचली तेव्हा खाली चिखल सपाट झाला होता, तिथे कधी कोणी उतरलंच नव्हतं असा. आणि त्या सपाट चिखलातून एक हात वर आला होता. बोटं पसरलेली, चिखलाने माखलेली. तिने करंगळी ओळखली.

वहिनीला बायकांनी वाटेतच धरून ठेवलं. तिने पाहिला तो धुऊन-पुसून घरी आणलेला दादा. दोघींपैकी चिखलातला हात फक्त नणंदेने पाहिला. ती त्याबद्दल घरी काही बोलली नाही.

पण त्या दिवसापासून तिला आतल्या खोलीत जाववेना. दार उघडलं की वरच्या फळीवरून तोच हात वर आलेला असे. त्याला मातीचाच रंग. पाठ फिरवून पेंढा उचलावा तर मानेवर काहीतरी टेकल्यासारखं वाटे. वहिनी मात्र त्याच फळीखाली अंथरूण घालून झोपू लागली होती.

उद्या माल न्यायला आला. वहिनी नळावर पाणी भरायला गेली होती. नणंदेने स्टूल ओढलं. डोळे मिटूनच भांडं खाली घेतलं, खोक्यात ठेवलं, वर पेंढा कोंबला. पट्ट्या चिकटवल्या. दोनदा चिकटवल्या.

संध्याकाळी वहिनीने वर पाहिलं.

"वन्सं, वरचं भांडं?"

"गेलं वाटतं चुकून. उद्याच्या खोक्यांत."

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. "बरं," म्हणाली.

एवढंच. आदळआपट नाही, रडणं नाही. ते 'बरं' मात्र घरातून गेलं नाही. भांडी विसळताना, केस विंचरताना, चपला घालताना नणंदेला ते मागून ऐकू येई.

पुढच्या खेपेला उद्या खुशीत आला. "ते डागाळलेलं एक भांडं आलं होतं बघा. लोकांनी हातोहात उचललं. तसली आणखी द्या."

"कोणी उचललं?" वहिनीने विचारलं.

"कोणीतरी. बाई होती की बाप्या, आता आठवत नाही."

"शोधाल?"

उद्याने डोकं खाजवलं. "तसली खोकंभर द्या. शोधतो की."

ही या भांड्यांची सुरुवात. स्वप्न नाही, मांजर नाही. तो माणूस पुन्हा पुन्हा यावा आणि कधीतरी त्याने 'सापडलं' म्हणावं, म्हणून वहिनी ती भांडी करू लागली. आधी जमेनाच. ताजी खळ नुसतीच करपे. फार आंबली की काजळी धरे. भांडं जरा निवलं तर डाग उठत नसे, फार तापलेलं असलं तर तडकून दोन तुकडे. हळूहळू तिला भांड्याच्या लालीवरून वेळ कळू लागली. गल्लीने कुंपणावरून पाहिलं आणि उचललं. तिने कोणाला अडवलं नाही.

खळ मात्र नणंदेनेच करायची. "तुमच्या हातची छान आंबते," असं वहिनी म्हणाली होती. हे कौतुक होतं की टोमणा, नणंदेला शेवटपर्यंत कळलं नाही.

उद्या दरवेळी म्हणे, "शोधतोय." तो शोधत नव्हता हे वहिनीलाही दिसत होतं. तरी ती विचारायची. पुढे उद्या वारला आणि त्याचा मुलगा येऊ लागला. त्याला कसलं भांडं, कसला हात, काही ठाऊक नव्हतं. मग वहिनीने विचारणं सोडलं. नुसतं भांडं फिरवून बघायचं राहिलं.

त्या एका फेऱ्यात दोघींचा श्वास अडकलेला असे. एकीला वाटे, आता दिसेल. दुसरीला वाटे, आता दिसेल. फेरा पुरा झाला की वहिनीचा चेहरा उतरे आणि नणंदेचा जीव भांड्यात पडे. कधी कधी थोडं दिसायचंही. दोन बोटं. एखादं मनगट. वहिनीचे हात थांबत, नणंद सरळ चपला घालून बाहेर पडे. मग वहिनी भांडं जरा तिरकं करी. डागाचं ढगात रूपांतर होई.

एकदा नणंद बाजारातून आली तर वहिनी अंगणात डावा हात पाण्यात बुडवून बसलेली. ओट्यावर भांडं धुमसत होतं. उजव्या हाताने खळ फेकायची आणि डावा मधे धरायचा, असं तिने करून पाहिलं होतं. फार जवळ धरला, फार वेळ धरला. पंजाची कातडी सोलून निघाली होती.

"बारका आला," वहिनी म्हणाली. "पोराचा वाटतो."

डॉक्टरांनी विचारलं, "कशाने भाजलं?"

"पिठाने."

"पिठाने कसं भाजेल?"

"जुनं पीठ होतं," वहिनी म्हणाली.

ते भांडं तिने स्वतःच फोडलं. तळवा भरून आला, पण कातडी ताणलेली आणि चकचकीत राहिली.

वर्षं गेली. दोघींचे केस पांढरे झाले. वहिनीला चिमटा उचलताना धाप लागू लागली. एका दुपारी जेवणं झाल्यावर ताटं तशीच पडली होती, आणि वहिनी म्हणाली, "वन्सं, हात बघू तुमचा."

"का? भविष्य सांगतेस?"

"आपलं भविष्य आता शेजारीही सांगतील. बघू."

नणंदेने हात पुढे केला. वहिनीने करंगळीवरून बोट फिरवलं.

"हुबेहूब त्याचा आहे. रोज जेवताना समोर बघते. मागायला तोंड उघडत नव्हतं."

"मागायला म्हणजे? कापून देऊ?"

"नुसता मधे धरायचा. क्षणभर. खळ मी फेकेन. मागच्यासारखं नाही होणार, लांबून फेकेन."

नणंदेने हात मागे घेतला. बराच वेळ तिने ताटातले कण गोळा केले.

"वहिनी, ते भांडं चुकून नव्हतं गेलं."

"ठाऊक आहे. चुकून जायला ते काय मांजर होतं? खोक्यात बसलं, पेंढा ओढून घेतला आणि वरून पट्ट्या लावल्या."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलून काय? तुमच्या डोक्यावर खापर फोडलं असतं तर ते परत आलं असतं?" वहिनी थोडी थांबली. "का दिलंत ते तेवढं नाही कळलं मला. तुमचाही भाऊच होता."

नणंदेने ताटं एकात एक ठेवली.

"मला तो हसताना हवाय," वहिनी म्हणाली. "मिशीतून खळ गळतेय, तो. पण तोंड पुसट होत चाललंय. हात तेवढा अजून नीट आठवतो. उद्या तोही जाईल. मग माझ्याकडे काय?"

नणंद ताटं उचलून मोरीवर गेली.

वहिनीने तिचा पिच्छा पुरवला नाही. ती चाकावर बसली. थांबत थांबत, धापा टाकत, तिने दादाच्या त्या भांड्याच्या घडणीचं एक मोठं भांडं चढवलं. ते सावलीत वाळवलं. मग खडू घेतला आणि अंगणात वाकून खुणा केल्या. ओट्यावर भांड्याची जागा. त्याच्या बाजूला नणंदेचे पाय, डावा आणि उजवा. समोर, चार हातांवर, स्वतःचे पाय.

"एकदा नुसतं उभं राहून बघा," ती म्हणाली. "खळ नाही, भट्टी नाही. उभं राहायला काय जातंय?"

नणंद खुणांवर उभी राहिली. वहिनी घमेल्यात ओली माती घेऊन आली.

"ही कशाला?"

"हाताला. वाफ लागू नये म्हणून. माझ्यासारखं नको व्हायला."

तिने नणंदेच्या हाताला माती लावली. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, जाड, गुळगुळीत. भांडं घोटावं तसा तो हात घोटला.

"आता वर धरा. बोटं पसरा."

नणंदेने हात वर धरला आणि त्याच्याकडे पाहिलं.

तो तिचा हात नव्हता. चिखलाने माखलेला, बोटं पसरलेला, करंगळी बाहेर वाकलेली. अंगणात ऊन होतं, कोपऱ्यावर कोणी सायकलची घंटी वाजवत होतं, आणि तो हात इतक्या वर्षांनी जसाच्या तसा वर आला होता. तिच्याच खांद्याला लागून. तिला तो खाली घेता येईना.

"काय झालं? वन्सं?"

"असाच होता."

"काय असाच होता?"

"खड्ड्यात. सगळा आत, आणि हात वर. असाच."

वहिनी जागच्या जागी उभी राहिली. घमेलं तिच्या हातातच होतं.

"तुम्ही पाहिलंत?"

"हं."

"म्हणून दिलंत ते भांडं."

"हं. मला ते बघवेना गं. तू त्याच्याकडे बघून हसायचीस आणि मला—"

वहिनीने घमेलं खाली ठेवलं. पाण्याची बादली आणली. नणंदेचा हात धरून खाली घेतला आणि धुवायला लागली. आधी कोपर, मग मनगट, मग एकेक बोट. अंगठ्यापासून सुरुवात केली. माती विरघळून ओघळू लागली. खाली सुरकुत्या दिसल्या, शिरा दिसल्या, जुन्या कागदपट्ट्यांनी कापल्याच्या बारीक रेघा दिसल्या. करंगळी तिने शेवटी धुतली.

"हा बघा," वहिनी म्हणाली. "आपलाच आहे. उबदार आहे."

नणंदेने मुठीची उघडझाप केली. तळहात पदराला पुसला.

"करू," ती म्हणाली. "पण माती नको. असाच धरीन. भाजला तर भाजला."

"आणि डॉक्टरांना काय सांगायचं?"

"जुनं पीठ होतं म्हणून सांगू."

वहिनी हसली. हसता हसता धाप लागली, धाप लागली म्हणून आणखी हसली. दोघी ओट्यावर टेकल्या. मग त्यांनी खळीसाठी पीठ काढलं. या खेपेला खळ वहिनीने स्वतः कालवली. त्याच जुन्या बादलीत, गुठळी राहू न देता. वर फडकं बांधलं.

"आंबली की करू," म्हणाली.

भट्टीही तिने रचून घेतली. आत एकच भांडं. भोवती लाकडं. भट्टीच्या तोंडाशी विटा लावून ठेवल्या. मग हात धुतले, चहा ओतला, कपावर बशी झाकली आणि म्हणाली, "वन्सं, मी जरा पडते."

ती पुन्हा उठली नाही.

चहा तसाच होता. नणंदेने बशी काढली नाही.

माणसं आली. गल्ली आली. स्वप्नवाला आला, आजीवाला आला, मांजरवालाही आला. कोणी म्हणालं, मोठी कलाकार गेली. कोणी म्हणालं, शेवटपर्यंत हात थांबला नाही. नणंद भिंतीला टेकून ऐकत होती. मग घरात हळूहळू तो वास पसरला. खळ आंबली होती. फडकं फुगून वर आलं होतं, कडेने फेस उतू जात होता. बसलेल्या बायकांनी नाकाला पदर लावले.

"वन्सं, हे फेकून देऊ का?" एकीने विचारलं.

"नको," नणंद म्हणाली. "राहू दे."

खडूच्या खुणा अजून अंगणात आहेत. तिथे ती केरसुणी फिरवू देत नाही. भट्टी रचलेली आहे, भांडं आत आहे. काडी लावली की पेटेल. नणंदेला भट्टी पेटवता येते. लाली ओळखता येते. चिमटा धरता येतो. सकाळी चहाआधी ती बाह्या दुमडते आणि आपल्या खुणांवर जाऊन उभी राहते. डावा पाय, उजवा पाय. रिकाम्या ओट्यासमोर हात धरते. बोटं पसरते. हाताला आता काही होत नाही. तो परका वाटत नाही.

समोर, चार हातांवर, वहिनीच्या पावलांच्या खुणा आहेत. हात मधे धरायचा आणि समोरून खळ कोणीतरी फेकायची. या कामाला दोघी लागतात.